आजोबांना भेटायला जाताना

(कौटुंबिक अभ्यासपाठ)

वाचनासाठी : उत्पत्ति, अध्याय ४८; अध्याय ५०, ओव्या १५ ते २१.

पाठाचा उद्देश : घरातील वडीलधारे माणूस आजारी पडले असता विखुरलेले कुटुंब त्याच्या खाटेभोवती जमते. अशा वेळी मनातील कोणत्या जुन्या गोष्टी वर येतात, आणि त्यांचे आपण काय करावे, याचा विचार करणे.

१. टी. टी. नगरातील घरे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले व भोपाळ ही त्याची राजधानी झाली. त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपण गेले आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात सामील झाले. नागपूरच्या सचिवालयातील पुष्कळ कर्मचाऱ्यांची बदली भोपाळला झाली. त्यांत मराठी माणसे थोडी नव्हती. त्यांच्यासाठी व इतरांसाठी सरकारी क्वार्टर्स उभी राहिली, आणि त्या वसाहतीला येवल्यात जन्मलेल्या तात्या टोपे यांचे नाव मिळाले. तेच आपले टी. टी. नगर.

जे तरुण त्या वेळी ट्रंक आणि वळकटी घेऊन येथे आले, त्यांचे आईवडील बहुधा मागे गावीच राहिले. मग कधी तरी तार यायची : वडील अत्यवस्थ, ताबडतोब निघा. साहेबांकडे रजेचा अर्ज, शेजाऱ्यांकडे घराची किल्ली, आणि इटारसीवरून नागपूरकडे जाणारी गाडी. मुलांना झोपेतून उठवून डब्यात बसवायचे. वाटेत नवराबायको फारसे बोलत नसत. वडील भेटतील की नाही ही चिंता तर असेच, पण तिच्याशेजारी आणखी एक चिंता बसलेली असे : मोठा भाऊ काय म्हणेल?

आज काळ उलटला आहे. तेव्हाचे तरुण आता स्वतः खाटेवर आहेत, किंवा आपल्यातून निघून गेले आहेत. जुन्या क्वार्टर्सच्या कित्येक रांगा स्मार्ट सिटीच्या कामासाठी पाडल्या गेल्या. मुले पुण्याला, बंगलोरला, परदेशी आहेत. तार बंद झाली, फोन आला. परंतु गाडीत किंवा विमानात बसलेल्या मुलाच्या मनातील ती दुसरी चिंता मात्र तशीच आहे. प्रस्तुत पाठ त्या चिंतेविषयी आहे.

२. एकाच वर्षीचे दोन चित्रपट

सन २०१६ मध्ये ह्याच विषयावर दोन चित्रपट आले, एक हिंदी व एक मराठी. दोन्ही हसवतात आणि दोन्ही रडवतात. न्यू मार्केटला गेल्यावर पूर्वी रंगमहालला डोकावण्याची ज्यांची सवय होती, त्यांना सांगावयास नको की चित्रपट पाहून घरी येताना रस्त्यात जी चर्चा होते, तिच्यातच पुष्कळदा खरा पाठ असतो.

मराठी चित्रपट म्हणजे राजेश मापुसकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘व्हेंटिलेटर’. तो ४ नोव्हेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला, आणि पुढल्या वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला दिग्दर्शन, संकलन व ध्वनिमिश्रण यांचे पुरस्कार मिळाले. गोष्ट साधी आहे. कामेरकर कुटुंबातील गजूकाका बेशुद्धावस्थेत व्हेंटिलेटरवर आहेत. गणपती चार दिवसांवर आलेले. मुंबईचे आणि कोकणातले नातेवाईक इस्पितळात लोटतात. काकांविषयी प्रत्येकाला काळजी आहे, पण काकांचे काही बरेवाईट झाले तर सुतक येईल व उत्सव बंद पडेल, हीही काळजी आहे. हा विनोद बोचरा आहे, कारण तो खोटा नाही. आपल्या सणाच्या वा लग्नकार्याच्या तोंडावर कोणी आजारी पडले, तर आपल्याही मनात तारखांचा हिशेब सुरू होतोच. फक्त आपण तो मोठ्याने करीत नाही.

परंतु चित्रपटाचे मर्म गर्दीत नाही. गजूकाकांचा मुलगा प्रसन्न (जितेंद्र जोशी) आणि त्याचे वडील यांच्यात बऱ्याच काळापासून दुरावा आहे. पुतण्या राजा (आशुतोष गोवारीकर) हा चित्रपट क्षेत्रातला नामवंत, पण त्याचेही आपल्या वडिलांशी मोकळे बोलणे नाही. वडील यंत्रावर असताना मुलाला बोलायचे असते. पण ऐकणाऱ्याचे डोळे मिटलेले असतात. ज्या घरात बाप आणि मुलगा जेवणाच्या ताटावर केवळ भाजीपुरते बोलतात, त्या प्रत्येक घराची ही गोष्ट आहे.

३. ज्यांचे मरण अपेक्षित होते, ते उरले

दुसरा चित्रपट शकुन बत्रा यांचा ‘कपूर अँड सन्स’. हा त्याच वर्षी १८ मार्च रोजी प्रदर्शित झाला. कुन्नूरच्या डोंगरात राहणारे नव्वद वर्षांचे आजोबा (ऋषी कपूर) मोठे गमती आहेत. ते मरण्याचा सराव करतात. घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली की कोणी फारसे दचकत नाही. मग एके दिवशी खरोखरच हृदयविकाराचा झटका येतो. लंडनहून मोठा नातू राहुल व अमेरिकेहून धाकटा अर्जुन येतात. आजोबांची एकच हौस : सगळ्यांनी एकत्र बसून एक फोटो काढावा आणि त्याखाली घराण्याचे नाव व १९२१ हे साल लिहावे.

किती छोटी मागणी! परंतु हा फोटो काही निघत नाही. मुलगा हर्ष (रजत कपूर) आणि सून सुनीता (रत्ना पाठक शाह) यांच्यात पैशांवरून व दुसऱ्या एका स्त्रीवरून धुमसत आहे. घरात गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर आलेला असताना सारे घर त्याच्या डोक्यावरून भांडते. हा प्रसंग पाहताना आपण हसतो, आणि मग आपल्याला आपल्या घरी आलेला एखादा बिचारा सुतार किंवा इलेक्ट्रिशियन आठवतो.

भावांची गोष्ट अधिक खोल आहे. राहुल यशस्वी लेखक आहे, घरचा गुणी मुलगा. अर्जुनही लिहितो, पण त्याला यश नाही. राहुलची गाजलेली कादंबरी आपल्याच कथेवर बेतलेली आहे असा अर्जुनला संशय असतो. अखेर उघड होते की त्याचे लिखाण आईनेच मोठ्याला पुरवले होते. इकडे राहुलचे प्रेम एका पुरुषावर आहे, हे त्याने आईपासून लपवलेले असते. तिला ते कळते तेव्हा तिच्या मनातील आदर्श मुलाची मूर्ती फुटते. लक्षात घ्या, धाकट्याला नावडता म्हणून दुःख आहे, आणि थोरल्याला आवडता म्हणून. ज्याला घराने गुणी ठरवले, त्याला आपले खरे काही सांगण्याची सोय उरत नाही.

शेवटी ज्या दिवशी फोटो निघायचा, त्याच दिवशी सगळी गुपिते एकदम बाहेर पडतात. जो तो दुसऱ्यावर तुटून पडतो. हर्ष मोटार घेऊन बाहेर पडलेला असतो, आणि त्याला अपघात होऊन तो मरण पावतो. सारे कुटुंब ज्यांना निरोप द्यायला जमले होते ते आजोबा खुर्चीवर तसेच बसून राहतात, आणि ज्याच्याशी नंतर बोलू असे प्रत्येकाने ठरवले होते तो निघून जातो. काही महिन्यांनी आजोबांच्या हाकेवर उरलेली मंडळी परत येतात. फोटो निघतो, पण त्यात हर्षच्या जागी त्याचे पुठ्ठ्यावरचे चित्र उभे असते.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. म्हाताऱ्या माणसाच्या आजारात आपण समजतो की वेळ फक्त त्यांचीच थोडी उरली आहे. आपली व आपल्या भावाची वेळ भरपूर आहे असे आपण धरून चालतो. असे मानण्याला आधार काय?

४. याकोबाच्या खाटेजवळ

वडील आजारी आहेत असे योसेफाला कळते तेव्हा तो आपल्या दोन्ही मुलांना, मनश्शे व एफ्राईम यांना, सोबत घेऊन जातो. योसेफ आला आहे हे ऐकून म्हातारा याकोब बळ एकवटून खाटेवर उठून बसतो. त्याची दृष्टी मंदावलेली आहे. तो मुलांना जवळ घेतो, त्यांचे मुके घेतो. आजारी आजोबांच्या भेटीचे इतके जिवंत चित्र प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

पण हे कुटुंबही सुरळीत नव्हते. योसेफ वडिलांचा लाडका, म्हणून भावांनी त्याला विकले होते. खुद्द याकोब तरुणपणी आपल्या आंधळ्या पित्यासमोर भावाचे सोंग घेऊन उभा राहिला होता. आणि आता अखेरच्या आजारातही तो हात अदलाबदल करतो व उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. योसेफाला हे आवडत नाही. तो वडिलांचा हात उचलू पाहतो. म्हणजे तीन पिढ्यांची डावी-उजवी निवड मृत्युशय्येपर्यंत चालत आली आहे! कुन्नूरच्या घरातील आई आणि तिचे दोन मुलगे यांच्याहून हे फार वेगळे नाही.

पुढे पन्नासाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. वडील गेल्यावर भावांना भीती वाटते की आता योसेफ जुना सूड उगवील. वडील होते तोवर त्यांच्या आडोशाने सर्व एकत्र होते. समेट पुरा झालेला नव्हता. निरोप आल्यावर योसेफ रडतो. सतरा वर्षे एका देशात राहूनही भावांनी आपल्यावर विश्वास ठेवला नाही, हे त्याला त्या दिवशी कळले असावे. आईवडील हे घराचे खिळे असतात असे आपण म्हणतो. खिळा निघाला की फळ्या सुटतात. तेव्हा फळ्या आधीच एकमेकींना जोडून घेणे बरे.

हाच धागा विदर्भातल्या वाड्यातही दिसतो. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणले. त्यात मुंबईचा मुलगा व सून गावी पोहोचतात ते वडील गेल्यानंतर. अंथरुणाला खिळलेली दादी मात्र आहे, आणि ती पुनःपुन्हा वेळ विचारीत राहते. घरातील माणसे दिवसांचा खर्च, दागिने व वाडा यांच्या विवंचनेत आहेत. तिला नीट उत्तर द्यायला कोणाला सवड आहे?

५. यंत्र काय करते, काय करीत नाही

आता व्यवहाराचा भाग. व्हेंटिलेटर म्हणजे श्वास देणारे यंत्र. श्वासनलिकेत नळी घालून त्यातून प्राणवायुमिश्रित हवा फुप्फुसांत ढकलली जाते. मूळ रोगावर उपचार चालू असताना ते शरीराला अवधी मिळवून देते. ते स्वतः रोग बरा करीत नाही. नळी असेपर्यंत रोग्याला बोलता येत नाही, आणि पुष्कळदा त्याला झोपेचे औषध दिलेले असते. म्हणून जे विचारायचे ते नळी घालण्याआधी विचारलेले असले पाहिजे. ‘बाबा, तुमची इच्छा काय?’ हा प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एकमेकांना विचारून काही उपयोग नसतो.

या बाबतीत कायदा गेल्या काही वर्षांत पुढे सरकला आहे. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणावर होत्या; १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये ह्या प्रश्नाचा प्रथमच सविस्तर विचार केला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि बरे होण्याची आशा नसता कृत्रिम उपचार नकोत असे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. त्या वेळी ठरवलेली रीत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी करण्यात आली. आता असे इच्छापत्र दोन साक्षीदारांच्या समक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे करता येते. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्या व्यक्तीचे नाव घालता येते. तथापि प्रत्यक्ष उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी मत द्यावे लागते. नातेवाइकांना हवे तेव्हा यंत्र बंद करण्याची परवानगी कायद्याने दिलेली नाही, हे नीट समजून घ्यावे.

कोणी म्हणेल, असे विषय घरात काढणे अभद्र आहे. परंतु न काढल्याने काय होते ते पाहा. तिघे भावंडे तीन मते घेऊन उभी राहतात. ‘सगळे करा’ म्हणणारा प्रेमळ ठरतो, ‘आता पुरे’ म्हणणारी दगडाच्या काळजाची ठरते. पुष्कळदा ‘सगळे करा’ म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमाबरोबर अपराधीपणाही असतो. आपण इतकी वर्षे आलो नाही, ही टोचणी तो डॉक्टरांच्या बिलाने भरून काढू पाहतो. वडिलांची इच्छा आधी माहीत असती, तर तिघांनाही एकमेकांशी भांडावे लागले नसते.

६. दूरचा मुलगा व जवळची सून

आणखी एक प्रसंग आपल्या ओळखीचा आहे. सासऱ्यांचे अंग पुसणारी, भांडे देणारी, औषधाच्या वेळा पाळणारी सून किंवा लेक आठ महिने झोपलेली नसते. मग दूरचा मुलगा येतो. पहिल्या तासातच तो विचारतो, ‘हे डॉक्टर कोणी निवडले? बाबा इतके वाळले कसे? मला आधी का कळवले नाही?’ हे प्रश्न त्याच्या भीतीतून आलेले असतात, पण ऐकणारीला ते आरोप वाटतात. ती गप्प बसते. त्या गप्प बसण्यातून पुढे वीस वर्षांचा अबोला निपजतो.

तिनेही काही समजून घ्यावे. जो दूर होता त्याने वडिलांना थोडे थोडे खंगताना पाहिले नाही. त्याला सर्व घसरण एका क्षणात दिसते. धक्का त्याला एकदम बसतो. त्याला दोन दिवस द्यावे.

म्हणून भेटीला जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या :

(अ) घरात पाऊल टाकताच जो सेवा करीत आहे त्याचे आधी आभार मानावे. नंतर डॉक्टरांविषयी विचारावे.

(आ) एक रात्र जागण्याची पाळी स्वतः मागून घ्यावी. रात्र जागल्यावर पुष्कळ सल्ले आपोआप गळून पडतात.

(इ) रोगी बेशुद्ध असला तरी त्याला ऐकू येत असेल असे धरूनच बोलावे. घर, शेत, पासबुक ह्या गोष्टी खाटेजवळ काढू नयेत.

(ई) नातवंडांना न्यावे. नळ्या, यंत्राचा आवाज, आजोबांचा बदललेला चेहरा यांविषयी त्यांना आधी सांगावे. मुलाला सर्दीखोकला असेल तर मात्र नेऊ नये; फोनवर आवाज ऐकवावा.

(उ) म्हाताऱ्या माणसाची मागणी लहान असते : एक फोटो, एक जुनी वाटी, गावच्या विहिरीची आठवण, अमक्याला बोलवा. ती ‘बरे झाल्यावर पाहू’ म्हणून टाळू नये.

(ऊ) भावाशी बोलणे नसेल तर वडिलांच्या खोलीत समेटाचे नाटक करू नये. बाहेर व्हरांड्यात जाऊन एक खरे वाक्य बोलावे. ‘माझे चुकले’ एवढे जमत नसेल तर ‘चहा घेतोस का?’ यानेही सुरुवात होते.

७. समारोप

दोन्ही चित्रपटांत कुटुंबे आदर्श होत नाहीत. गजूकाकांभोवतीची गर्दी बदललेली असते ती फार थोडी. कपूरांच्या फोटोतील एक माणूस पुठ्ठ्याचा आहे. योसेफाच्या भावांच्या मनातील भीती बापाच्या मरणापर्यंत गेली नव्हती. तरीही मुलगा अखेर बापाजवळ बसतो, भाऊ परत येतात, योसेफ भावांना धीर देतो. तुटलेले सर्व जुळत नाही. पण जुळण्याजोगे पुष्कळ असते, आणि ते बहुधा एका वाक्याने अडलेले असते.

१९५६ च्या त्या तरुणाला नागपूरच्या गाडीत बसून जी रात्र काढावी लागली, तशी रात्र आपल्याही वाट्याला येणार आहे. फोन अजून आला नसेल, तर आपल्याजवळ वेळ आहे. आज रविवार दुपार असेल तर आजच फोन करावा. आजोबांना कमी ऐकू येते, म्हणून थोडे मोठ्याने बोलावे. आणि फोन ठेवण्याआधी विचारावे : ‘दादाचा नंबर तोच आहे ना?’

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात ‘गुणी’ कोण व ‘हट्टी’ कोण, हे कधी ठरले? ते अजून खरे आहे काय?

२. योसेफाने वडिलांचा हात उचलू पाहिला. आपण वडीलधाऱ्यांच्या निर्णयात कोठे हात घालावा आणि कोठे घालू नये?

३. गंभीर आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आपल्या घरातील वृद्धांना कोणी विचारले आहे काय? विचारायला कोण योग्य?

४. आपल्या मंडळीत एकट्याने रोग्याची सेवा करणारी कोणी आहे काय? ह्या आठवड्यात तिला एक दुपारची विश्रांती कशी देता येईल?